रंभाबाईंची रिती घागर

पाण्याला रंग नसतो, पण पाण्याला वाट असते. आणि ज्या वाटेने ते येते, त्या वाटेचे पाप-पुण्य ते सोबत घेऊन येते. चंद्रपूरच्या परकोटाआतल्या एका अरुंद गल्लीत राहणाऱ्या रंभाबाईंना हे उमगले, तेव्हा त्यांच्या सुनेला, पुनमला, सातवा महिना होता.

गल्लीत कावीळ शिरली होती. एकामागून एक घरांतली माणसे पिवळी पडत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रंभाबाईंना बाजूला घेऊन सांगितले, की गरोदर बाईला ही कावीळ झाली तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकते. मुलगा सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवणारा, क्वचितच घरी येणारा. पुनमवर पदर धरायला रंभाबाईच होत्या.

कावीळ आली तशी तिच्या मागोमाग पाणी शुद्ध करायची मशीन विकणाराही आला. देवळाच्या ओट्यावर त्याने पेलाभर नळाचे पाणी घेतले, दोन लोखंडी कांड्या बुडवल्या, बटण दाबले. पाणी गंजासारखे लाल झाले. बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या. ज्यांना परवडले त्यांनी त्याच आठवड्यात मशीन घेतली.

नळाची कामे करणारे बाबूभाई तिथेच पाईपला आटे पाडत बसले होते. ते हळूच म्हणाले, "बाई, ती कांडीच विरघळून रंग देते. चांगलं पाणीबी लाल होते त्यानं. मशीन घ्या नाईतर नका घेऊ, पर पयले पाण्यात हाये काय ते तर पाहा."

रंभाबाई सरकारी प्रयोगशाळेत गेल्या, तिथलीच बाटली आणून त्यांनी नळाचे पाणी भरून दिले. उत्तर आले : क्षार बेताचे, फ्लोराइड मर्यादेत, पण पाण्यात मैल्यातले जंतू.

रंभाबाईंच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. माहेरच्या बोअरचे ते देणे. तिथल्या पाण्यातले फ्लोराइड कितीही उकळले तरी जात नाही. तिथे मशीनच हवी. इथले वैरी वेगळे, ते खळखळत्या उकळीने मरतात. प्रत्येक दुखण्याला एकच अंगारा लावतो तो वैद्य नव्हे, भोंदू! त्या दिवसापासून चुलीवर मोठे पातेले चढले आणि पुनमचे पाणी उकळून, निववून, झाकून ठेवले जाऊ लागले.

दुसरी एखादी इथेच थांबली असती. पण पुनम शेजारी बसायला जाणार, देवळात तीर्थ घेणार, उद्या तिचे मूल याच गल्लीत रांगणार. आणि ज्याच्या घरी ना मशीन, ना उकळायला पुरेसा गॅस, त्याने काय प्यावे? रंभाबाईंनी बाबूभाईंना विचारले, "हे जंतू येतात कुठून?"

बाबूभाईंनी सांडपाण्याच्या नालीवरची फरशी उचलली. घरोघरचे नळाचे पाईप त्या काळ्या पाण्यात बुडालेले होते आणि त्यांचे जोड गंजलेले. "नळाले जोर कमी. म्हणून सगळ्यायनं थेट लाईनीवर मोटारी लावल्या. बाई, लाईनीत पाणी नसलं तर मोटार काय ओढणार? फुटल्या जोडातून नाली ओढते अन् ते सगळ्यायच्या नळात जाते."

"माझीबी ओढते?"

"तुमचीबी."

"मग काढा."

रंभाबाईंची मोटार त्याच दिवशी निघाली, आणि त्यांचा नळ कोरडा पडला, कारण बाकीच्या मोटारी सुरूच होत्या. दोन गल्ल्या पलीकडून डोक्यावर घागरी येऊ लागल्या. रंभाबाई दारोदार जाऊन सांगत, पाईप नालीतून वर घ्या, मोटारी काढा. भजनमंडळाचे मुखरूभाऊ, ज्यांची मोटार सगळ्यांत मोठी, हसून म्हणत, "रंभाबाई, तुमच्या एका मोटारीनं गंगा येणार हाये काय?"

"गंगा नाई येणार, भाऊ. नाली तेवढी कमी होईल."

अशात नामसप्ताह आला. कलशाची घागर देवळाच्या नळावर भरण्याचा मान रंभाबाईंचा, लग्न होऊन आल्यापासूनचा. पहाटे नळाची वेळ झाली. टाळकरी उभे, विणेकरी उभे, आणि भिंतीभिंतीआडून मोटारींची घरघर; देवळाचा नळ नुसता थेंब थेंब गळत होता. रंभाबाईंनी रिती घागर ओट्यावर पालथी घातली आणि शेजारी बसल्या.

"भरा ना, बाई. काऊन बसल्या?" मुखरूभाऊ म्हणाले.

"जे पाणी मी माह्या सुनेले देत नाई, ते देवाले कसं देऊ?"

"देवाले कावीळ होते काय?"

"देवाले नाई होत, भाऊ. तीर्थ घेणाऱ्याले होते."

कोणी हसले, कोणी पुटपुटले. म्हातारे टाळकरी म्हणाले, मुहूर्त टळतो आहे. रंभाबाई हलल्या नाहीत. ज्याच्या नावाने बसल्या होत्या, तो युगे युगे उभा आहे. त्याला घटकाभर थांबायचे काय जड?

मग एका घरातली घरघर थांबली. पाठोपाठ दुसरी. एकेक करीत गल्ली निःशब्द होत गेली, आणि शेवटी एकच आवाज उरला. सगळ्यांच्या माना मुखरूभाऊंच्या दाराकडे वळल्या. त्यांनी नजर पायांकडे वळवली. आतून त्यांच्या कारभारणीने बटण बंद केले. ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "माह्या लेकराचे डोळे अजून पिवळे हायेत. बंदच राहू द्या आता."

देवळाच्या नळाला बारीक, पण आपल्या बळाने वाहणारी धार लागली. मुखरूभाऊंनी घागर उचलून तिच्याखाली धरली.

"झालं नं तुमच्या मनासारखं? घ्या, भरा."

रंभाबाईंनी त्यांच्या हातून घागर घेतली आणि नळापासून दूर केली. "पाईप अजून नालीतच हायेत, भाऊ. बाबूभाई आज वर काढतीन, मग बाटली पुन्हा तपासाले देईन."

त्यांनी हाक मारली. पुनम जपून पावले टाकीत काल उकळून निववलेल्या पाण्याचे पातेले घेऊन आली, आणि घागर त्या पाण्याने भरली. रंभाबाईंनी ती डोक्यावर घेतली, टाळांचा पहिला ठेका पडला.

"तोपर्यंत," त्या चालता चालता म्हणाल्या, "देवबी उकळलेलंच पिईल."