सगुणाने दिलेलं बोलावणं

डोंबिवलीच्या पश्चिमेला इमारती संपून खाडीचा चिखल लागतो, तिथल्या कोळीवाड्यात सगुणा नांदायला आली आणि तिथलीच होऊन गेली. नवरा धाकू होडीवर. ओहोटी लागली की ती गुडघाभर चिखलात उतरायची आणि बिळात कोपरापर्यंत हात घालून निवटे, ते चिखलातले मासे, धरायची. टोपली घेऊन बाजारात बसायची, पण शिळ्याला ताजं म्हणून तिने कधी विकलं नाही. त्यामुळे वाड्यात तिच्या शब्दाला वजन होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास चिखलाचा रंग पालटला. वरच्या अंगाला रंग बनवणारी एक कंपनी होती, तिचा नाला खाडीला मिळायचा. कधी लाल, कधी निळं पाणी. मासळी आटली आणि चिखलात उतरणाऱ्या बायकांच्या पायांना फोड आले. सगुणाच्या पोटऱ्या तर रात्रंदिवस चरचरायच्या. धाकूचा धाकटा भाऊ महिपत शिकलेला. त्याने खाडी बचाव समिती काढली. कंपनीच्या फाटकावर मोर्चा गेला तेव्हा मेलेल्या मासळीची टोपली सगुणानेच पहारेकऱ्यापुढे उपडी केली होती. तीन वर्षं हेलपाटे घातल्यावर ठाण्याला कलेक्टर कचेरीतल्या साहेबांपुढे सुनावणी लागली. नाला बंद करा आणि बायकांना भरपाई द्या, एवढंच मागणं.

सुनावणीआधी महिपत एका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला.

"वहिनी, आरोग्य शिबिर घेतोय. बायकांचे पाय तपासून कागद करायचे. मांडव, डॉक्टर, औषधं, सगळा खर्च कंपनी देतेय."

"कुठली कंपनी?"

"तीच."

"भावजी, ज्याने घर पेटवलं त्याच्याच दारात पान्याला जायचं?"

"मग कुणाच्या दारात जाऊ? वर्गणी मागितली तर लोक रिकामं जाळं दाखवतात. पैसा त्यांचा, काम आपलं. डॉक्टरने लिहून दिलं की झालं."

धाकू जाळं विणता विणता म्हणाला, "हुशार हाय माझा भाव. बोक्याला दुधाच्या राखनीला बसवतोय."

सगुणा हसली नाही. तिची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. निदान मलम तरी मिळेल, असं तिला वाटलं, आणि ती चूल पेटवायला आत गेली.

पण बायका तयार होईनात. कंपनीच्या मांडवात पाय ठेवणार नाही म्हणाल्या. तेव्हा महिपतने गळ घातली, "वहिनी, तू अक्षत फिरव." लग्नकार्याला पहिली अक्षत गावदेवीपुढे ठेवायची, मग घरोघर उंबऱ्यावर. असं आलेलं बोलावणं वाड्यात कोणी मोडत नाही. ते मोडणं म्हणजे देवीला मागे फिरवणं. सगुणाने कुंकवात तांदूळ कालवले. पहिली चिमूट देवीपुढे ठेवली. मग ती घरोघर निघाली.

हौसाबाई वाड्यातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तिखट. उंबऱ्यावरची अक्षत बघून म्हणाली, "लगीन कुनाचं गो?"

"शिबिराचं बोलावनं हाय, मावशी."

"त्या मेल्यांच्या मांडवात? देवीला ठेवलीस?"

"ठेवली."

"मग येते. तुज्यासाठी नाय, तिच्यासाठी."

बेचाळीस जणी आल्या. मांडवावर कंपनीच्या नावाचा कापडी फलक. डॉक्टर कंपनीनेच धाडलेला. त्याने पाय बघितले, मलमाची डबी दिली, कागदावर अंगठे घेतले. सगुणा रांग लावत होती. कागदात काय लिहिलंय हे तिने विचारलं नाही, आणि महिपत कंपनीकडून आलेल्या पाहुण्यांच्या चहापाण्यात गुंतला होता.

सुनावणीला कंपनीच्या वकिलाने तेच कागद काढले. "साहेब, ही समितीच्याच शिबिरातली तपासणी. बेचाळीस बायका, सगळ्यांना खरूज. कारण, अस्वच्छ राहणी."

मागे उभ्या बायकांत कुजबूज झाली. साहेबांनी महिपतला विचारलं, "शिबिर तुमचंच?"

"होय," तो म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

सगुणाने मागे वळून बायकांकडे पाहिलं. बोलावं तर दिराची अब्रू जाते, समितीही जाते. गप्प बसावं तर बेचाळीस जणींच्या कपाळी घाणेरडेपणाचा शिक्का बसतो आणि भरपाई बुडते. आणि त्या आल्या होत्या देवीच्या नावाखातर.

ती उभी राहिली. "साहेब, डॉक्टर कंपनीचा होता. पैसे पन कंपनीचे, आमी घेतले. बायका येत नव्हत्या, मी देवीची अक्षत देऊन त्यांना आनलं. कागद कुनी वाचून दावला नाय. मी पन विचारलं नाय. ती चूक माजी."

"म्हणजे समितीने कंपनीचे पैसे घेतले, हे तुम्ही कबूल करता?"

"करते."

कारकुनाने ते लिहून घेतलं. वकील हसला. साहेबांनी एक महिना दिला: सरकारी दवाखान्यात फेरतपासणी करून आणा, नाहीतर हेच कागद धरले जातील.

बाहेर महिपत तिच्याकडे न बघता म्हणाला, "समिती बुडवलीस, वहिनी." तीन वर्षं रजा टाकून, बायकोची बोलणी खाऊन त्याने ती उभी केली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा घरोघर गेली. कोणी दार लावून घेतलं. शेजारची मालन तोंडावर म्हणाली, "एकदा अंगठा दिला नि खरूजवाली झाले. आता काय महारोगीन करतेस?" महिना सरत आला तेव्हा तिच्याबरोबर चौघी निघाल्या. हौसाबाई त्यांत होती, पण वाटेत ती सगुणापासून लांब बसली.

ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरने म्हातारीचे पाय पाहिले, भराभर लिहिलं आणि शाईची पेटी पुढे सरकवली. हौसाबाईने अंगठा उचलला. सगुणाने तिचं मनगट धरलं.

"आधी वाचा, डॉक्टरसाहेब."

"मागे रांग बघितलीस का, बाई?"

"बघितली. वाचा."

डॉक्टर वैतागून वाचू लागला. हौसाबाईने कान पुढे केला. सगुणाकडे मात्र तिने अजून पाहिलं नव्हतं, आणि बेचाळीसांतल्या अडतीस जणी घरीच होत्या.