दुसरी लेस गुरुवारी

हॉस्पिटलात तिला सगळे कुलूपबाई म्हणतात. इमर्जन्सीच्या दाराशी, रिकामी स्ट्रेचर उभी करतात त्या कोपऱ्यात, तिची हातभर रुंदीची खिडकी आहे. मनाच्या त्रासाने आणलेल्या मुलांना आत नेताना, त्यांनी जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून, त्यांचा पट्टा, जाकिटाची दोरी, बुटांच्या लेस काढून घेतात. ते सगळं या खिडकीत जमा होतं. कुलूपबाई ते तपकिरी पाकिटात घालते, वर नाव लिहिते, लोखंडी कपाटात ठेवते आणि कुलूप दोनदा ओढून बघते. सव्वीस वर्षं हेच काम.

माझी नात तेव्हा सतराची होती. एका सोमवारी दुपारी कॉलेजातून आली आणि बूटही न काढता म्हणाली, "आजी, मला आता जगायचंच नाही." तासाभरात आम्ही त्या खिडकीशी होतो. शुक्रवारी तिला डिस्चार्ज मिळाला. कागदावर पुढच्या तपासणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती.

नातीने पाकीट उघडलं. "यात एकच लेस आहे."

"दिसतंय मला," कुलूपबाई म्हणाली.

"मला बूट दोन आहेत."

"पायही दोन आहेत. दुसरी लेस गुरुवारी. दहाला ये आणि घेऊन जा."

"दुकानातून नवी घेईन मी!"

"घे की. पण झोप लागते का, असं दुकानदार विचारणार आहे का तुला? मी विचारणार."

नात दातओठ खात निघाली. पाऊल टाकलं की डावा बूट फटक फटक वाजत होता. बसमध्ये म्हणाली, "चक्रम बाई आहे. गुरुवारी जाते आणि चांगली सुनावते तिला." जे घडलं ते त्याच दिवशी तारखेसह लिहायचं, ही सवय मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली. त्या शुक्रवारच्या पानावर मी लिहिलं: पाच दिवसांत तिने पहिल्यांदाच पुढच्या आठवड्यातलं काहीतरी ठरवलं.

गुरुवारी तिने खरंच सुनावलं. कुलूपबाईने सगळं ऐकून घेतलं, लेस हातात दिली आणि म्हणाली, "घसा कोरडा पडला असेल. चल, पाणी पी आणि जरा बस." तीन दारं पलीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. दर गुरुवारी दहा ते बारा, आगाऊ वेळ न घेता येईल त्याला भेटायचं, हे त्यांनी आणि कुलूपबाईने आपसांत ठरवलेलं होतं. बाकावर आणखी चौघं होती. तिघांचा एकेक बूट सैल, आणि चौथा एका हाताने पँट धरून बसलेला. नातीला हसू फुटलं.

असं का करता, हे मी कुलूपबाईला विचारलं. "नऊ वर्षांपूर्वी एक मुलगा होता," ती म्हणाली. "त्याला सगळं नियमाने दिलं. पट्टा, लेस, घड्याळ. सही घेतली. तारीख सहा आठवड्यांची. अकराव्या दिवशी त्याची आई एकटीच आली. तिचा एकच प्रश्न होता, या अकरा दिवसांत त्याला कुणी बोलवायचं होतं? तेव्हापासून मी एकेक वस्तू मागे ठेवायला लागले, आजी."

मग मीही नातीबरोबर दर गुरुवारी त्या बाकावर बसू लागले. कोण आलं, कोण नाही, ते लिहीत गेले. सतरा आठवडे झाले आणि एका वडिलांनी मुलाचा पट्टा अडवल्याची तक्रार केली. अधीक्षकांनी कुलूपबाईला वर बोलावलं. "आजी, डायरी घ्या आणि चला," ती मला म्हणाली.

"बाई, नियम माहीत आहेत ना?" अधीक्षकांनी विचारलं.

"रोज वाचते, साहेब. तुम्ही नुसती सही करता."

मी पान उघडलं. एक्केचाळीस मुलांना गुरुवारी बोलावलं, छत्तीस आली.

"हे काही अधिकृत रेकॉर्ड नाही, आजी."

"मग अधिकृत दाखवा. तुमच्या सहा आठवड्यांच्या तारखेला किती आली?"

अधीक्षकांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने पंख्याकडे पाहिलं. मोजलं कुणी होतं!

तरी आदेश निघालाच: पेशंटची कोणतीही वस्तू डिस्चार्जनंतर ठेवायची नाही, ठेवल्यास बदली धुलाईखात्यात. कुलूपबाईने निमूट सही केली. माझं डोकं फिरलं. जिन्यात मी म्हणाले, "एवढ्यात हार मानलीत?"

"हार कसली? पेशंटची वस्तू मी ठेवायची नाही, असं लिहिलंय. माझी वस्तू पेशंटला द्यायची नाही, असं कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी एका पंधरा वर्षांच्या मुलीला तिने सगळं सामान परत केलं आणि वर आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण दिलं. "गुरुवारपर्यंत सांभाळ. आणलं नाहीस तर मी उपाशी." तेव्हापासून तिच्या घरातल्या वाट्या, छत्री, गजराचं घड्याळ, सगळं फिरतीवर असतं. तिचा मुलगा मला म्हणतो, "आजी, समजवा हो आईला. परवा चहा पातेल्यातून प्यायलो." गुरुवारी बारापर्यंत कुणी आलं नाही, तर ती पिशवी उचलून थेट त्या घरी जाते. आपली छत्री मागायला कुणाची परवानगी लागते? दार उघडलं की आधी मुलाचं तोंड बघते, मग छत्री.

कागदावरची तारीख अजून सहा आठवड्यांचीच आहे. ती सात दिवसांवर आणा, असा अर्ज नात आणि मी दर महिन्याला देतो. सात झाले. प्रती डायरीत चिकटवल्या आहेत. आठवा तयार आहे.

गेल्या शुक्रवारी अर्ज देऊन खाली आलो, तर खिडकीशी एक मुलगी डिस्चार्जचा कागद घेऊन उभी होती आणि कुलूपबाई कपाट धुंडाळत होती. द्यायला काही उरलं नव्हतं. नात खाली वाकली, डावा बूट काढला आणि त्या मुलीच्या हातात ठेवला.

"गुरुवारी दहाला आण."

"आणि नाही आणला तर?"

"तर मी बिनबुटाची. मग येईन तुझ्या घरी, लंगडत."

मुलीने बूट उलटसुलट करून पाहिला आणि काखेत मारला. नात एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून बसस्टॉपपर्यंत ताठ मानेने चालत गेली. लोक बघत होते. बघू देत.