शिवून ठेवलेलं शास्त्र

माझी बायको गेली आणि मी देवाशी बोलणं टाकलं. चर्चच्या मंडळीत हे कोणाला सांगितलं नाही. रविवारी जात होतो, सगळे उठले की उठत होतो, बसले की बसत होतो. पण आतून कडू झालो होतो. तिनं जन्मभर त्याचं पुस्तक वाचलं, दर गुरुवारी उन्हातान्हात तांड्यावर जाऊन बंजाऱ्यांच्या बायांना वाचून दाखवलं, आणि आठ दिवसांच्या तापात त्यानं तिलाच उचललं. मग असल्या पुस्तकाचं मी करायचं काय?

मी गावाहून तीन कोसांवरच्या दिग्रसला कापसाच्या प्रेसमध्ये होतो. दाबलेल्या गाठीवर तरट चढवायचं आणि दाभणानं सुतळीचे टाके घालायचे, हे माझं काम. एक टाका ढिला निघाला तर मुकादम सगळं उसवायला लावी. तिला माती देऊन आलो त्याच आठवड्यात मी नवा मांजरपाट आणला, धुऊन वाळवला, तिचं बायबल त्यात गुंडाळलं आणि चारी बाजूंनी गाठीसारखं शिवून उंच फळीवर ठेवून दिलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं पवित्र शास्त्राचा मान राखला. मी ऐकून घेतलं. खरं सांगतो, मी मान राखला नव्हता. मी त्याचं तोंड शिवलं होतं.

शेजारी सखू सुईण राहत होती. तिच्या घरानं दोन वर्षांपूर्वीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. फळीकडे पाहून ती एकदा म्हणाली, "भाऊ, आमी तं आमचे देव नदीत सोडले. तुमी तं देवाची गाठच बांधली. आता काय रेल्वेनं धाडता का ममईले?" मला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, माझी एकुलती लेक मार्था बाळंतपणाला आली. पहिलीच खेप. एका पहाटे कळा सुरू झाल्या, ऊन डोक्यावर आलं तरी सुटका होईना. सखू घाम पुसत बाहेर आली. "पोरगं आडवं हाये, भाऊ. हे माया हातचं काम नाई. दवाखान्यातली बाई आना." तिच्यासोबत आलेल्या जावयानं बंडी जुंपली आणि तो दिग्रसला निघाला. जाऊन येऊन सहा कोस. तो दिवस मावळायच्या आत येत नाही, हे मला कळत होतं आणि सखूलाही. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. मार्थाचं ओरडणं हळूहळू कमी झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग आतून तिचा आवाज आला. "बा, आई वाचत होती थे वाचा. मेंढपाळाचं."

"मले आता दिसत नाई नीट," मी खोटं बोललो.

"मले ऐकाचं हाये, बा. मंग काईच मांगत नाई मी."

मी फळीवरून गाठोडं काढलं. दोन्ही हातांनी टाके ओढले, एक सुटेना. इतकं घट्ट मी प्रेसमध्येही कधी शिवलं नव्हतं. शेवटी विळा घातला, तो कापडातून थेट पुठ्ठ्यात आणि आतल्या पानांत घुसला. मी तोंडानं "माफ कर" म्हणालो. ते देवाला की बायकोला, मला आजही सांगता येत नाही.

तिनं त्या पानात खूण म्हणून कापसाची वात ठेवली होती, म्हणून ते लगेच सापडलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. मी ओट्यावर बसलो आणि तिला दाराआड ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचू लागलो. मी दुसरी शिकलेला माणूस. एकेक अक्षर लावत होतो, जोडाक्षर आलं की अडत होतो. एका ओळीला असा अडलो की पुढं जाता येईना, आणि रडूही यायला लागलं.

तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी ती ओळ पुरी केली.

मान वर केली तर एक म्हातारी बंजारीण उभी. हातात काठी, दंडापर्यंत चढवलेल्या बलोयी बांगड्या. तिची म्हैस सुटली होती, तिला शोधत ती या बाजूला आली होती.

"बोल तं बाईचे हायेत," ती म्हणाली. "तांड्यावर येत होती थे बाई कोठी हाये?"

"गेली. आत तिची पोरगी हाये. पोटातलं आडवं हाये."

तिनं पुढं काही विचारलं नाही. काठी टेकवून ठेवली, बलोयी उतरवल्या, हात धुतले आणि आत गेली. तांड्यावरची पोरं, आडवी आलेलीसुद्धा, हिच्याच हातची, हे मला मागून कळलं. मी गप्प झालो तशी ती आतून ओरडली, "थांबू नको, बापू! वाच!"

मी वाचत राहिलो. स्तोत्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मार्थानं एकदा अशी किंकाळी फोडली की पुस्तक हातातून निसटलं. मी उचललं, पुन्हा वाचलं. आणि मग बारीक रडणं ऐकू आलं.

"पोरगी हाये! धुतलेलं फडकं दे!" म्हातारी आतून म्हणाली. घरातली धुतलेली फडकी सकाळपासून सगळी संपली होती. उरला होता तो ओट्यावर पडलेला मांजरपाट. तोच आत दिला. माझी नात जगात आली ती त्यात गुंडाळून.

दिवेलागणीला जावई नर्सबाईला घेऊन आला. तिनं दोघींना पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यासाठी काम ठेवलंच नाही." बंजारीण तोवर निघून गेली होती. म्हैस तिला आमच्याच कुंपणाशी कडबा खात उभी सापडली होती.

मी कोणाशी वाद घालत नाही. म्हैस कशीही सुटते, कोणी म्हणेल. सुटत असेल. मला एवढं कळतं की शास्त्र फळीवर शिवलेलंच राहिलं असतं, तर ती बाई सरळ पुढं गेली असती. बायको का नेली, हे मी देवाला अजून विचारतो. पण आता वाचता वाचता विचारतो, आणि उत्तर आलं नाही तरी पान मिटत नाही. तिच्या पुस्तकाचा मान असा ठेवायचा असतो, हे मला म्हातारपणी कळलं. त्याचे उपकार.

नात आता शाळेत जाते. पुठ्ठ्याच्या चिरेत बोट घालून विचारते, "आबा, हे कोनं कापलं?" मी सांगतो, "म्या." मग आम्ही वाचायला बसतो. जोडाक्षराला मी अजून अडतो. अडलो की पुढचं ती म्हणते.