बत्त्यानं ठोकलेली बंदूक

मी एकदा बत्त्यानं बंदूक ठोकली आहे. आलं-लसूण कुटायच्या लोखंडी बत्त्यानं, आणि तीही दुसऱ्याची. तुम्ही हसा. मीही हसते, पण जरा जपून. तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड.

बंदूक खरी नव्हे, रंगाचे गोळे उडवणारी. आमच्या शेजारच्या अक्कांच्या धाकट्या भावानं पिंगळी स्टेशनाच्या अलीकडे, स्वतःच्या रानात पेंटबॉलचं मैदान काढलं होतं. टायरांच्या, पिंपांच्या आड लपायचं आणि एकमेकांना रंगवायचं. परभणीची कॉलेजची पोरं रविवारी यायची. मैदान जरा नावारूपाला आलं आणि भाऊ काविळीनं गेला. अक्का कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. "बंद करा आता," असं सगळे सांगत असताना त्यांनी मैदान चालू ठेवलं. मी तिथं भजी तळायचे.

अक्कांची एक लकब होती. कुठलीही बंदूक हातात आली की आधी हवेची टाकी सोडवायच्या, नळी जमिनीकडे धरून घोडा दाबायच्या आणि कान लावून ऐकायच्या. "आधी हवा काढावी, मग हात लावावा." भांडत आलेल्या गिऱ्हाइकालाही खुर्ची सरकवून हेच सांगायच्या, "बसा. आधी हवा काढा." गिऱ्हाईक हसायचं आणि बसायचं.

भावाची स्वतःची बंदूक मात्र त्या कुणाला देत नसत. जुनी, काळी, मुठीवरचा रंग त्याच्या तळव्यानं उडालेला. पुढं तिचा बोल्ट झिजला. बोल्ट म्हणजे आत मागे-पुढे सरकून गोळा नळीत ढकलणारा धातूचा दांडा, खालच्या हातोडी नावाच्या भागाला एका पिनेनं जोडलेला. तो झिजल्यापासून गोळा उडायच्या ऐवजी नळीतून थुंकल्यासारखा पायाशी पडायचा. त्या बनावटीचे बोल्ट निघायचे बंद झाले होते. अक्कांच्या मनात एकच होतं, भावाच्या वर्षश्राद्धाला सकाळी पहिला गोळा त्याच्याच बंदुकीतून सुटावा.

संभाजीनगरच्या एका बंद पडलेल्या मैदानाचे सुटे भाग त्यांनी मागवले. लाडवाच्या डब्यात ते बोल्ट पडलेले असायचे. दुपारी एकेक काढून जुन्याशेजारी ठेवायच्या, उजेडात धरायच्या आणि परत डब्यात टाकायच्या.

"अक्का, पोरगी पसंत करायलात का बोल्ट?" मी विचारायचे.

"पोरगी बरी, न्हाई पटलं तर म्हायेरी तरी येती," त्या म्हणायच्या. "ह्याला खालच्या हातोडीसंगं एकाच पिनंत जन्म काढायचाय. जाडी जमली तर लांबी न्हाई. लांबी जमली तर पिनंचं छिद्र मागं. तू भज्याकडं बघ, करपायलेत."

करपत होतीच.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी अक्का बोरीला चुलत्यांना बोलवायला गेल्या. मला वाटलं, आपण त्यांना चकित करू. मी हातात बांगड्या भरताना कासारणीला बघत मोठी झालेली. माप म्हणजे घेर, एवढंच मला ठाऊक. जुन्या बोल्टला दोरा गुंडाळला, डब्यातल्या प्रत्येकाला लावून पाहिला. एक सोनेरी बोल्ट दोऱ्याला तंतोतंत भरला. एवढा देखणा बोल्ट अक्कांनी का टाकला, हा प्रश्न मला पडला नाही. उलट त्यांची नजर कमी झाली असावी, अशी मला कीवच आली. टाकी मात्र आधी सोडवली होती, तेवढी अक्कल होती.

बोल्ट अर्धा गेला आणि अडला. खोबरेल तेल घातलं. मग आतून पिन बसेना. बांगडी अडली की कासारीण हात दाबते, तसं दाबून पाहिलं. मग बत्ता आणला. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला बारीक आवाज झाला. पिनेच्या खाचेपासून बंदुकीच्या अंगाला उभी चीर गेली.

संध्याकाळी अक्का आल्या. मी बंदूक पदराखाली घेऊन बसले होते. त्यांनी ती घेतली. चिरेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. सोनेरी टोक बाहेर आलेलं, धड आत जाईना, धड बाहेर येईना. बत्ता तिथंच पडला होता, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं. मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी पहिला गोळा भाड्याच्या बंदुकीतून सुटला. भावाची बंदूक फोटोशेजारी आडवी ठेवली होती.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. मैदानावर बोरीच्या चुलत्यांच्या पोरांनी सोयाबीन पेरलं. टायर कुणी नेले कळलं नाही. त्या संध्याकाळी त्या मला काय म्हणाल्या, ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं, मला खूप बोलणी बसली असणार.

अक्कांनी बंदूक मांडीवर ठेवली, माझ्या पदरानंच माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्यानंबी पैली बंदूक अशीच ठोकून मोडली होती गं. लय बोलले मी त्याला. जेवला न्हाई त्या दिवशी. तू जेवून जा."