पाच रेघांचं शेत

माझ्या बायकोला मराठीतलं एकही अक्षर येत नव्हतं, चिनीतलं एक येत होतं. मराठी आलं नाही त्याला कारण मी. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा ती पाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली होती. मी म्हणालो, "काहून? आता तहसीलदारीण होतीस काय?" ती मागं फिरली, पाटी माठावर झाकण म्हणून ठेवली. पुन्हा विषय काढला नाही. मी स्वतः दुसरी शिकलेला. माझ्या अकलेची उंची तेवढीच.

आम्हाला शेत नव्हतं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली दुसऱ्यांच्या रानात आम्ही दारं धरायचो, म्हणजे वाफ्या-वाफ्यात पाणी सोडायचो. शेवटच्या कोपऱ्यातलं ढेकूळ भिजल्याशिवाय ती वाफ्याचं तोंड मातीनं बुजवत नसे. मालक ओरडला तर म्हणायची, "आत कोरडं ठिवून दार लावत न्हाईत, मालक." घरीही तीच गत. शेळीसुद्धा आत आल्याशिवाय कडी नाही.

एका पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावासाला एक भंतेजी आले. बरीच वर्षं परदेशातल्या विहारात राहिलेले. दुपारी कुंचला पाण्यात बुडवून शहाबादी फरशीवर चिनी अक्षरं काढायचे. पुढचं काढेपर्यंत मागचं वाळून जायचं. ही तिथं झाडायला जायची, आणि झाडू टेकवून बघत बसायची. एकदा म्हणाली, "भंतेजी, हे तर वाफे पाडलेलं रान हाय."

भंतेजी बघतच राहिले. ते अक्षर खरंच 'शेत' होतं.

मग त्यांनी तिच्या हातात कुंचला दिला. डावीकडं उभी रेघ. मग वरून उजवीकडं जाऊन खाली. आत एक आडवी, एक उभी. तळाची रेघ सगळ्यात शेवटी. "ताई, आधी आतलं भरायचं, मग बंद करायचं," भंतेजी म्हणाले.

"हे मला शिकवून राहिले व्हय? जलम गेला माझा याच्यातच."

भंतेजी एवढे हसले की कुंचल्याचं पाणी चिवरावर सांडलं.

आमच्या भांड्यांवर दुकानदारानं माझं नाव कोरलेलं असायचं. ते तिला वाचता येत नव्हतं. लग्नात उसनी गेलेली परात ओळखायची तर लेकीला संगं न्यावं लागायचं. आता तिनं खिळा-हातोडी घेतली आणि ठिपक्या-ठिपक्यानं प्रत्येक भांड्यावर आपलं अक्षर घातलं. शेजारी चिडवायचा, "वहिनी, ह्या चायना मालाला ग्यारंटी हाय का?"

"तुज्यापरीस जास्त हाय, भाऊजी."

आणि मला म्हणायची, "तुमच्या सात पिढ्यांत शेत न्हाई. माझ्या मांडणीवर नऊ हायत."

मला राग यायचा. "खोटी शेतं," मी म्हणायचो.

"मंग तुमी एक काढून दाखवा."

मी कधी काढलं नाही. बायकोकडून शिकायचं, तेही चिनी!

लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी ही खंगत चालली होती. तरी बाजेवर बसून लेकीच्या नव्या भांड्यांवर खूण घालायची. खोकला आला की हातोडी थांबायची, उबळ गेली की पुन्हा टक-टक. शेवटची परात राहिली होती. चार रेघा झाल्या आणि हात उचलेना. खिळा माझ्यापुढं धरला.

"शेवटची तुमी मारा."

"पोरगी काय आजच चालली? उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. ती तिथून आली नाही.

लेक नांदायला गेली, भांडी घेऊन गेली. ती परात मी दिली नाही. भंतेजी कधीचेच निघून गेलेले, अक्षर कसं काढायचं ते विचारणार कोणाला? पण एक दिवस बोट पाण्यात बुडवून फरशीवर बघितलं तर पाचही रेघा बराबर उमटल्या. इतकी वर्षं मी तिच्या हाताकडं तिरक्या नजरेनं बघत होतो तर. आता मी काढतो आणि ते वाळून जातं. दाखवायला कोणी नाही.

परातीवर खिळा टेकवतो, हातोडी उचलतो, खाली ठेवतो. परवा लेक आली होती. म्हणाली, "बाबा, एवढीशी तर रेघ. मारून टाका की."

मी म्हणालो, "आत अजून कोरडं हाय, माय."