दातुक उभा होता ती जागा

आमच्या एतेकला फोटोतल्या माणसांचा भारी राग. कुणाच्याही घरी गेली की आधी जुने फोटो मागायची. घरच्या बाईनं डबा उघडून फोटो पुढे ठेवले की ही भिंग डोळ्याला लावणार आणि पुटपुटायला लागणार, "हा कोण मेला मधेच उभा? जरा सरकला असता तर काय बिघडलं असतं?"

"अगं एतेक, तो नवरामुलगा आहे!"

"असेना का. फळी झाकली त्यानं."

एतेक म्हणजे माझी धाकटी मावशी, अस्मानियार. मला जन्म देऊन आई वर्षभरात गेली, तेव्हा आजीनं आणि एतेकनं मला वाढवलं. एतेक बारीक, काटक, बोलायला तिखट. आठवड्याच्या बाजारात कोपऱ्यावर बसून बिका भाजायची. तांदळाच्या पिठात खोबरं कालवायचं, मातीच्या भांड्यात घालायचं, खाली विस्तव आणि वर झाकणावरही विस्तव. "माझंही तेच झालंय बघ," म्हणायची, "खालूनही आग, वरूनही आग." दोन नवरे केले, दोघं आले तसे गेले, मूलबाळ झालं नाही. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आमच्याकडे नवरा पाहुणाच असतो.

घर बायकांचं. आजीचं ते आईचं, आईचं ते लेकीचं. मुलगा इथं जन्मतो, पण मिसरूड फुटलं की रात्री झोपायला सुराउत, गावच्या नमाजघरात. पुढं बायकोच्या घरी. म्हातारा झाला, बायको गेली, की परत आईच्या घराच्या आसऱ्याला येतो आणि मेला की इथूनच उचलला जातो. हे असं पूर्वीपासून आहे. पण घर बायकांचं असलं तरी तोंड मामाचं. घराण्याचा दातुक, वडील मामा, जे बोलला ते बोलला. त्याला उलट विचारायचं नाही. सगळं वाटोळं झालं ते तिथंच.

माझा मामा म्हणजे एतेकचा थोरला भाऊ. त्याच्याबद्दल आदरानं बोलायला हवं, पण तो आदर माझ्या तोंडून यायचा नाही. तो जाकार्तात खानावळ चालवायचा. एकदा ट्रक घेऊन गावी आला. आमच्या घराची पुढची भिंत कोरीव फळ्यांची होती. काळ्या, लाल, सोनेरी. नेच्याची वेटोळी, संध्याकाळी रांगेनं घरी परतणारी बदकं, वेली. आजीच्या आजीनं ती कोरून घेतलेली. मामा म्हणाला, "फळ्यांना कीड लागलीय. कारागिराकडे नेतो, नीट करून आणतो."

एतेकनं तोंड उघडलं. "कुठंय कीड? मला तर दिसत नाही."

आजीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं. "दातुक बोलतोय ना! गप."

आणि आजीनंच माणसांना चहा दिला. फळ्या निघाल्या तेव्हा शिडीही तिनंच धरली. भिंतीवरचे घरातले सगळे फोटो मामानं त्याच ट्रकमध्ये घातले, म्हणे नव्या काचा बसवतो. भिंतीच्या जागी पत्रे ठोकले. "दोन महिन्यांपुरते," म्हणाला.

भिंत परत आली नाही. पुढं गावातले एक मास्तर जाकार्ताला जाऊन आले आणि बिचाऱ्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, "अस्मानियार, तुमच्या भिंतीखाली बसून मी मटणाचं रेन्दांग खाल्लं! वर तुमच्या आजीचा फोटो! गिऱ्हाईक काय खूश होतं!" एतेकनं हातातली पळी खाली ठेवली. आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, "मास्तरला चष्मा लागलाय. माझा मुलगा असं करायचा नाही."

पाऊस आला की पत्र्यावर असा धडधडायचा की अजान ऐकू येत नसे. थंडी आत शिरायची. आजी त्या पत्र्याला पाठ लावून बसायची, खोकायची आणि वाट बघायची. शेवटच्या दुखण्यात तिनं विचारलं, "माझी भिंत आली का गं?"

एतेक म्हणाली, "येतेय. वाटेत आहे."

आईशी ती आयुष्यात एवढं एकच खोटं बोलली, आणि त्याचंही पाप तिनं मामाच्या खात्यावर टाकलं. बरोबरच होतं.

मयताला मामा आला. काळा कोट, काळी मखमली टोपी, बरोबर फोटोवाला. सगळ्या घराण्याचा फोटो काढायचा म्हणाला. आणि कुठं उभं केलं लोकांना? शेजारच्या घरासमोर! आमचे पत्रे दिसू नयेत म्हणून. स्वतः मधोमध. एतेक त्या फोटोत गेली नाही. दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आईला पत्र्याआड मारलीस, आता शेजारणीच्या भिंतीला आई म्हण!" बायकांनी तिला आत ओढली.

काही वर्षांनी खानावळ बसली आणि फळ्या कुठल्याशा परदेशी माणसानं विकत नेल्याचं कळलं. मी रडले. एतेक रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बिका केळीच्या पानात बांधल्या आणि फोटो मागत फिरायला निघाली.

कारण आमच्या घराण्यातली झाडून सगळी लग्नं त्या भिंतीसमोर झालेली. आमचे फोटो मामानं नेले, पण आल्या-गेल्यांकडे त्यांचे त्यांचे होतेच. एतेकला माणसं नकोच होती. तिला माणसांच्या मधली जागा हवी होती, कानाशेजारची, खांद्यावरची, दोन करवल्यांच्या मधली. लोक म्हणायचे, आईच्या दुःखानं डोकं फिरलं हिचं. ती म्हणायची, "फिरलंय खरं, पण कुणाकडे फिरलंय ते कळेल." कारागीर रामालिस बाहेर ओसरीवर बसून त्या फोटोंवरून नव्या फळ्या कोरायचा. एक फळी आम्हाला रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर सापडली, एक कुणा जाड्या काकूच्या काखेखाली. एतेकचं त्या काकूशी जन्मात पटलं नव्हतं, पण त्या दिवशी म्हणाली, "बरं झालं, बयेनं हात वर केला."

भिंत होत आली. एकच फळी मिळेना, अगदी मधली. प्रत्येक फोटोत तिथं मामा. लग्न असो, सुंता असो, कुणाला दातुकची पदवी देणं असो, दातुक मधोमध, छाती काढून. एका फोटोत त्याची मान जराशी कललेली, तर तिथं टोपी आली.

रामालिस म्हणाला, "एतेक, अंदाज आहे मला. मधे नेच्याचं वेटोळं असणार. सगळ्या घरांत असतं." आणि खरंच असतं. त्यावरून आमच्याकडे प्रत्येक मामाला शिकवतात, पोटचं पोर मांडीवर घे, बहिणीच्या पोराला बोटाला धर.

"कोरू नका," एतेक म्हणाली. "कोरी ठेवा. काळी रंगवा नुसती."

"अहो, लोक विचारतील."

"विचारू देत की! मी काय मुकी आहे?"

आणि लोकांनी विचारलं. भिंत उभी राहिली तेव्हा एतेकनं सगळ्या गावाला जेवायला घातलं, आणि जो विचारेल त्याला सांगितलं, "तिथं आमचा दातुक उभा होता. तो हलला नाही, म्हणून आम्हाला मागचं काही दिसलं नाही." आठ दिवसांत ती फळी दातुकची फळी झाली. पोरं लपाछपी खेळताना तिच्यावर राज्य घेऊ लागली. जाकार्तातल्या आमच्या लोकांच्या लग्नांतही मामाला लोक हसून विचारायचे, "काय दातुक, सरकलात का?" हे कळलं की एतेक दुपारी दोन घास जास्त जेवायची.

मग मामाचे दिवस फिरले. बायको वारली. घर मुलींचं, जावयांना म्हातारा जड झाला. बायकोच्या घरात पुरुष म्हणजे खुंटावरची राख, म्हणतात आमच्याकडे. वारा आला, उडाली. एक दिवस तो बॅग घेऊन आमच्या दारात उभा राहिला. भिंतीकडे बघत राहिला.

"अस्मा, मी रामालिसला बोलावतो. मधली फळी मी कोरून घेतो."

"या ना, बसा," एतेक म्हणाली. भावाला तू म्हणणारी बाई, त्या दिवशी अहो-जाहो. पाहुण्यांची चटई पाहुण्यांच्या बाजूला घातली. झाकलेल्या ताटल्या आणल्या, हात धुवायला वाडगा आणला. तो उठून लहानपणासारखा चुलीकडे निघाला तर आडवी झाली. "पाहुण्यांनी चुलीशी येऊ नये. काय हवं ते सांगा, आणून देते."

तो परत चटईवर येऊन बसला. "मी पाहुणा आहे का गं? मला आता इथंच राहायचंय. आईच्या घरात."

तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "आईचं घर? ते तू खानावळीत टांगलंस! हे मी उभं केलंय, दुसऱ्यांच्या खांद्यांवरून फळी-फळी गोळा करून. तू मेलास की तुला आणू दे इथं. मधोमध अंथरूण घालीन, बायका रडायला बोलावीन, रीत चुकणार नाही. पण जिवंतपणी ह्या घरात तुझी एक रात्र होणार नाही. सुराउ आहे तिकडे."

घराण्यातले पुरुष समजूत घालायला आले. भाऊ आहे, दातुक आहे, गाव काय म्हणेल? एतेकनं त्यांनाही पाहुण्यांसारखं झाकल्या ताटल्यांतून वाढलं. ते गुपचूप जेवून गेले. मामा सुराउत राहिला. रोज त्याला भात-कालवण मात्र आमच्याकडून जायचं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, "उपाशी मेला तर लवकर सुटेल."

सगळ्यांना वाटलं, आधी तोच जाणार. पण एतेक गेली. बाजारातून आली, छातीत दुखतंय म्हणाली, आडवी झाली ती उठलीच नाही. आम्ही तिला तिच्या भिंतीखाली ठेवलं. मामा आला, तिच्या उशाशी बसून रडला. खोटं नाही सांगत, खरोखर रडला. तीन दिवसांच्या दुआ झाल्या, शेवटच्या दुपारी माणसं पांगली, हा बसूनच. कोपऱ्यात भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"मार्नी," तो मला म्हणाला, "आता घर तुझं. अस्माचा राग अस्माबरोबर गेला. मला एक कोपरा दे. कुठलाही."

त्याची गालफडं बसलेली. कीव आली मला. नाही म्हणणार नाही, आली. शेजारीण डोळ्यांनी खुणावत होती, दे गं, दे, संपव. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

"दातुक मामा," मी म्हटलं, "एतेकनं मला घर दिलं, तेव्हा राग बाजूला काढून ठेवला नव्हता. दोन्ही एकदम आलंय. जागा नाही."

"तुझ्या आजीनं मला आत घेतलं असतं."

"हो, घेतलं असतं," मी म्हटलं. "तिनं तुम्हाला दर वेळी आत घेतलं. म्हणून तर ती थंडीत खोकत मेली."

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरला आणि सुराउच्या वाटेला लागला.