डोहाचा सव्वा महिना

दुपारचं जेवण झालं की मी गच्चीत जाऊन बसते. तिथे पत्र्याच्या सावलीत मोहिनीचे टब मांडलेले आहेत. प्रत्येकात तळाशी नदीची वाळू आणि वाळूत अर्धे रुतलेले शिंपले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दगडच वाटतात. पण जरा वेळ नजर स्थिर ठेवली की एखादा शिंपला हलकेच तोंड उघडतो, आतली झालर दिसते, आणि पाण्यात केसाएवढा ओघ सुरू होतो. जळगावच्या उन्हात सगळं शहर गप्प असतं तेव्हा हे शिंपले तेवढे श्वास घेत असतात. माझा डोळा लागतो आणि मिटल्या डोळ्यांपुढेही ती झालर हलत राहते.

हे गेल्यावर वरची खोली रिकामी ठेवायची नाही असं मी ठरवलं, आणि मोहिनी तायडे राहायला आली. कपडे थोडे आणि टब फार. ती इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर नशिराबादचं. वडील वीज मंडळात लाइनमन होते. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मुलांना एकच शिकवण: पाहिल्याशिवाय मानायचं नाही. मोहिनीने ती अक्षरशः पाळली. जे पाहायचं ते नदीच्या तळाशी असल्यामुळे ती कायम गुडघ्याएवढ्या पाण्यात असते. "लग्न कधी?" असं कुणी विचारलं तर म्हणते, "नदीला विचारून सांगते." आमच्या गल्लीने आता तो प्रश्न सोडून दिला आहे.

मला ती अक्का म्हणते. सुरुवातीला एका संध्याकाळी तिने माझ्या तळहातावर एक शिंपला ठेवला आणि त्याच्या पाठीवरच्या वळ्या दाखवल्या. झाडाच्या खोडासारखंच यांचंही वय पाठीवर दिसतं, असं तिने सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे सगळे म्हातारे आहेत, अक्का. वाघूर घ्या, गिरणा घ्या, जिथे जाते तिथे म्हातारेच. लेकरू एकही नाही."

तिच्याकडून मला कळलं ते असं. शिंपल्याची पिल्लं आधी आईच्या कल्ल्यांत वाढतात. ती पाण्यात सुटली की धुळीच्या कणाएवढा तो जीव जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला चिकटतो, काही दिवस त्याच्याबरोबर नदीभर हिंडतो आणि मग कुठेतरी वाळूत उतरून स्वतःचा संसार मांडतो. मासा नसेल तर पिल्लू तसंच मरतं. आपल्या नद्यांत शिंपले उरलेत; त्यांना खांद्यावर घेणारे लहान मासे मात्र कमी झालेत. नदीचं पाणी गाळून स्वच्छ करणारी ही पिढी म्हातारी होऊन संपली तर पुढे कुणीच नाही. मोहिनीला एकच हवं होतं: जिथे अजून लेकरं आहेत असा एखादा डोह.

तो तिला एका चुकीमुळे सापडला.

नरडाण्याला रेल्वेने उतरून पुढे गेलं की बुराई नदीच्या काठी एक गाव लागतं. नाव मी लिहीत नाही. मोहिनीने बजावलं आहे की नाव कळलं की लोक सहलीला येतील. उन्हाळ्यात बुराई आटते आणि मधे मधे डोह राहतात. मोहिनी त्या गावात पहिल्यांदा गेली आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला तिने विचारलं, "इथे शिंपी कुठे सापडेल?" तिच्या घरी शिंपल्याला शिंपीच म्हणतात. त्या भल्या माणसाने तिला थेट झुलाल शिंप्याच्या दारात नेऊन उभं केलं. झुलालनाना मशीनवर पोलकं शिवत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि माप घ्यायला बायकोला हाक मारली. रुक्माबाई टेप घेऊन बाहेर आल्या. मोहिनी सांगते, तिला इतका संकोच झाला की छाती, कंबर, बाही असं सगळं माप होऊ दिलं आणि मगच खरं बोलली.

नाना हसून हसून खोकले. रुक्माबाई मात्र आत गेल्या आणि देवळीतून एक शिंपी घेऊन आल्या. घासून घासून चांदीसारखी झालेली. त्यांच्या लेकरांना आणि लेकरांच्या लेकरांना त्यांनी त्या शिंपीनेच दूध पाजलं होतं. वाटीने ठसका लागतो, शिंपीची धार बाळाला झेपते. गावात प्रत्येक घरी अशी एक असते. सून किंवा लेक गरोदर राहिली की म्हातारी डोहावर जाते, आपोआप मेलेल्या शिंपल्याची शिंपी शोधते, जिवंताला हात लावत नाही.

रुक्माबाई तिला डोहावर घेऊन गेल्या. मोहिनीने वाळू चाळणीत घेतली, हलवली, आणि चाळणीत मसुराच्या डाळीएवढे शिंपले उरले. ती तिथेच पाण्यात बसली, कपड्यांसकट. त्या दिवशी घरी आली तेव्हा ओढणी अजून ओली होती आणि ती जिन्यात उभी राहून नुसती माझ्याकडे पाहत होती. मी चहा केला.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं की तो डोह खोदणार.

त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. डोह गाळाने भरत चालला होता आणि गुरांना पाणी कमी पडत होतं. सरपंच अभिमनआबांनी खटपट करून खोदाईचं मशीन मिळवलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की काम सुरू. पण तो गाळ म्हणजेच शिंपल्यांचं घर, आणि तेच दिवस माद्या भरलेल्या असण्याचे. मशीनचा दात एकदा फिरला की खानदेशातली ती शेवटची लेकरं काठावर ढिगात वाळली असती. मोहिनी ग्रामसभेत गेली, चित्रं दाखवली. डोहाला हातच लावू नका, म्हणाली. अभिमनआबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, यांची नावं मतदार यादीत आहेत का?" सभा हसली. मोहिनीही हसली, असं ती म्हणते. घरी येऊन मात्र तिने टबांतलं सगळं पाणी बदललं, बदललेलं पुन्हा बदललं.

आखाजीला रुक्माबाईंनी आम्हां दोघींना बोलावलं. खानदेशात आखाजी लेकींची. सासरहून आलेल्या मुलींनी गाव भरलं होतं. निंबाला झोके बांधलेले, आंब्याचा रस, सांजोऱ्या आणि दिवसभर गाणी. उन्हात ती गाणी दूर जात आणि झोक्याबरोबर परत येत. रुक्माबाईंची लेक भाविका दोन दिवसांचं तान्हं घेऊन माहेरीच होती, आतल्या अंधाऱ्या खोलीत, बाजेवर. दाराला कडुनिंबाचा डहाळा.

दुपारी बायका डोहावर आल्या, पाय पाण्यात सोडून बसल्या. मोहिनीने एक शिंपला उचलला आणि नखाने अगदी किंचित फट करून आतले फुगलेले कल्ले दाखवले. ही भरलेली आहे, म्हणाली. बाकीच्या काही मोकळ्या झाल्यात, पिल्लं पाण्यात आहेत. मग शिंपला जागच्या जागी ठेवून दिला.

बायका पाण्याकडे पाहत राहिल्या. एकीने हळूच पाय वर घेतले. मग दुसरीने.

रुक्माबाई म्हणाल्या, "म्हंजे डोह बाळंत शे."

कुणी हसलं नाही. "बाळंतीननी खोलीमा फावडं लिसन कोनी जास का?" असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि उठून निंबाचा डहाळा तोडायला गेल्या.

मोहिनी कावरीबावरी झाली. तिने त्यांना थांबवलं. हे सोयरसुतक नाही, ही प्राणिशास्त्राची गोष्ट आहे, मी कुणाला काही पाळायला सांगत नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मला तिची अडचण दिसत होती. खोट्याच्या आधाराने खरं वाचवायचं तिला शिकवलेलंच नव्हतं. रुक्माबाईंनी तिचा हात बाजूला केला, फार मायेने. "तू तुनं शास्त्र सांभाय, माय. आमी बाळंतीन सांभायतस."

डोहाकडे उतरणाऱ्या वाटेवर दोरी बांधली गेली आणि दोरीला निंबाचा डहाळा. सव्वा महिना.

मशीन आलं तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. हे रुक्माबाईंनी फोनवर सांगितलं. मशीनवाला छगन दुसऱ्या तालुक्यातला. डहाळा पाहून त्याने मशीन बंद केलं आणि कोण बाळंत झालंय ते विचारलं. बायकांनी डोहाकडे बोट दाखवलं. त्याने थोडा विचार केला आणि मी सुवेरात, बाळंतिणीच्या विटाळात, जात नाही म्हणून खाली उतरला. अभिमनआबा तावातावाने आले. त्यांची थोरली बहीण मोनाली आखाजीला माहेरी आली होती, ती वाटेतच बसलेली. चारचौघांत म्हणाली, "भाऊ, तुले माय शिंपीमाच दूध पाजे ना?" आबा मागे वळले. सव्वा महिना संपला की मात्र मशीन लावणारच, एवढं सांगून गेले.

तो सव्वा महिना मला स्वप्नासारखा आठवतो. धुणी बोअरवेलवर गेली. गुरं वरच्या खड्ड्यावर. डोहाकडे कुणी फिरकेना. पण बाळंतिणीकडे सुईण जाऊ शकते, म्हणून मोहिनीला मुभा होती. लग्न न झालेली सुईण, असं म्हणून बायका हसत, आणि तिने पाय धुतल्याशिवाय दोरीपलीकडे जाऊ देत नसत. मोहिनी तेवढं निमूट करायची. पाय धुवायला काही मानावं लागत नाही, म्हणायची.

मी एकदा तिच्यासोबत गेले आणि काठावर निंबाखाली बसले. वारा नव्हता. इतके दिवस कुणी न ढवळल्यामुळे पाणी तळापर्यंत दिसत होतं. लहान मासे थव्याने यायचे, एकदम वळायचे, चमकून नाहीसे व्हायचे. मोहिनीने बारीक जाळीत एक मासा धरला, भिंगातून कल्ला पाहिला आणि मला बोलावलं. कल्ल्यावर पांढरे ठिपके होते, रांगोळीच्या कण्यांसारखे. "बसलेत," ती कुजबुजली. मासा सोडला. तो त्या सगळ्यांना घेऊन सावकाश खोल पाण्यात गेला. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, त्याचंही प्रतिबिंब हलत नव्हतं. आपण पाण्याच्या कुठल्या बाजूला बसलो आहोत, असं मला त्या दुपारी क्षणभर कळेना.

सव्वा महिना संपला त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मशीन वडाखाली उभंच होतं. भाविकाचा पाणी पुजायला बाहेर पडण्याचा दिवस दोनच दिवस आधी येऊन गेला होता, तो थांबवून बायकांनी दोन्ही एकत्रच ठरवलं. पाण्यात हळदकुंकू, नारळ. मोहिनी जरा लांब उभी राहिली. तिला कुणी आग्रह केला नाही. पूजा झाल्यावर रुक्माबाईंनी स्वतः दोरी सोडली आणि मोहिनीला म्हणाल्या, "आते लेकरू दखाड."

मोहिनी पाण्यात उतरली. पहिली चाळण रिकामी आली. दुसरीही. अभिमनआबा मागे हात बांधून उभे होते आणि छगन किल्ली बोटाभोवती फिरवत होता. मोहिनी आणखी पुढे सरकली, कमरेएवढ्या पाण्यात, आणि वाकून पुन्हा वाळू भरली. यावेळी ती चाळणीकडे पाहतच राहिली. मग बोटाच्या टोकावर काहीतरी घेऊन काठाशी आली आणि ते पाण्यासकट रुक्माबाईंच्या ओंजळीत सोडलं.

तिळापेक्षा मोठं नव्हतं. आरपार दिसणारं, आणि जिवंत. रुक्माबाईंनी निरखलं, शेजारणीच्या ओंजळीत दिलं. तिने पुढे दिलं. तान्हं बाळ पाहायला आल्यावर बायका जशा मांडीवरून मांडीवर देतात, मानेखाली हात धरून, तसं ते पाणी ओंजळीतून ओंजळीत जात होतं, एक थेंब न सांडता. मोनालीने पाहिलं आणि मागे वळून भावापुढे हात केले. आबा आधी तसेच उभे राहिले. मग त्यांनी ओंजळ धरली.

बरंच पाहून झाल्यावर ते खाली बसले आणि ओंजळ डोहात सोडली. गुरांना पाणी लागतंच, म्हणाले; वरचा भाग खोदावाच लागेल. मोहिनीने मान हलवली. वरच्या भागात मुरूम आहे, तिथे शिंपले नाहीत, असं तिने सांगितलं.

"मग इकडचं कुठून कुठवर सोडायचं, ते दाखवा ताई," आबा म्हणाले.

छगनने खुणेला रोवायला मशीनवरच्या लोखंडी पहारी आणल्या. मोहिनीने एक हातात घेतली आणि पुन्हा पाण्यात शिरली, पावलाने तळ चाचपत, हळूहळू, कुणावर पाय पडू नये अशी.